पानांचा अर्क : गुण आणि सुरक्षितता यांची परीक्षा

विनयपिटकाच्या महावग्गात वैद्य जीवकांची कथा आहे. तक्षशिलेत सात वर्षे अध्ययन झाल्यावर आचार्यांनी त्यांना नगराभोवतीच्या एक योजन परिसरात फिरून औषधी नसलेली एखादी वनस्पती आणण्यास सांगितले. जीवक कुदळ घेऊन निघाले, सर्वत्र हिंडले आणि रिक्तहस्ते परतले. अशी एकही वनस्पती त्यांना आढळली नव्हती. आचार्यांनी त्यांचे शिक्षण पूर्ण झाल्याचे मानले. आपल्या समाजात ही कथा आदराने सांगितली जाते. परंतु 'प्रत्येक पान औषध आहे, म्हणून ते खुशाल घ्यावे' असा तिचा अर्थ लावणे आम्हांला योग्य वाटत नाही. सात वर्षे शिकलेल्या आणि प्रत्यक्ष पाहून पारखणाऱ्या माणसाचा तो निष्कर्ष होता.

आज हा विषय मांडण्यास कारण आहे. चांदूर बाजार परिसरात धुऱ्यावर कडुनिंब आणि निर्गुडी, अंगणात शेवगा आणि तुळस, पावसाळ्यात जागोजागी तरोटा आणि उत्तरेस मेळघाटचे अरण्य अशी वनसंपदा आहे. आपले अनेक माजी विद्यार्थी आज विज्ञान व औषधनिर्माणशास्त्र शिकत आहेत आणि पानांच्या अर्कांची तपासणी हा त्यांच्या प्रकल्पांचा आवडता विषय असतो. दुसरीकडे, 'या पानात भरपूर अँटिऑक्सिडंट आहे' असे संदेश घरोघरी पोहोचतात आणि पालक त्यांवर विश्वास ठेवतात. म्हणून ही तपासणी नेमके काय सांगते आणि काय सांगत नाही, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

शरीरात प्राणवायूचा वापर होताना काही अस्थिर रेणू निर्माण होतात. त्यांच्यात एक इलेक्ट्रॉन जोडीविना असतो आणि ती उणीव ते शेजारच्या रेणूकडून भरून काढू पाहतात. यांना मुक्त मूलके म्हणतात. त्यांना इलेक्ट्रॉन देऊन शांत करणारा पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट. पानांतील फिनॉल व फ्लेव्होनॉइड गटांतील द्रव्ये हे कार्य करू शकतात.

तपासणीची पद्धत सोपी आहे. पाने धुऊन सावलीत वाळवतात, त्यांची पूड करतात आणि ती मिथेनॉल, इथेनॉल किंवा पाण्यात भिजवून अर्क काढतात. नंतर अर्क गाळून विद्रावक उडवून टाकतात. उरलेल्या अर्काची वेगवेगळ्या तीव्रतेची द्रावणे डीपीपीएच नावाच्या जांभळ्या रसायनात मिसळून अर्धा तास अंधारात ठेवतात. 1958 साली ब्लॉइस या शास्त्रज्ञाने ही पद्धत मांडली. डीपीपीएच हे स्वतःच एक मुक्त मूलक आहे. त्याला इलेक्ट्रॉन मिळाला की जांभळा रंग फिकट होऊन पिवळा होतो. 517 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात हा फरक यंत्राने मोजतात. उदाहरणार्थ, अर्काविना प्रकाशशोषण 0.80 असेल आणि अर्क घातल्यावर ते 0.20 झाले, तर घट 75 टक्के झाली. ही घट 50 टक्के होण्यास अर्काची जितकी कमी मात्रा लागेल, तितका तो प्रभावी समजतात. तुलनेसाठी 'क' जीवनसत्त्वाची हीच चाचणी सोबत करतात. पानांतील हरितद्रव्याचा रंग मोजमापात मिसळू नये म्हणून केवळ अर्काचे वेगळे मोजमापही घ्यावे लागते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. डीपीपीएच हे प्रयोगशाळेत तयार केलेले रसायन आहे. ते मानवी शरीरात नसते. परीक्षानळीत रंग उडाला, याचा अर्थ अर्काने त्या रसायनाला इलेक्ट्रॉन दिला, इतकाच. तो अर्क पचनात टिकेल का, रक्तात पोहोचेल का, आणि पोहोचल्यावर हित करील की अहित, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या रंगात नसते.

मेंदीचे उदाहरण बोलके आहे. मेंदीच्या पानांचा अर्क परीक्षानळीत उत्तम अँटिऑक्सिडंट ठरतो. तथापि त्याच पानातील लॉसोन हे रंगद्रव्य, जी-6-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बालकांच्या तांबड्या पेशी फोडू शकते. केवळ अंगाला मेंदी लावल्याने अशी बालके गंभीर आजारी पडल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. नळीत रक्षक ठरलेले पान रक्तात घातक ठरू शकते, ते असे.

शुद्ध द्रव्याच्या बाबतीतही हाच अनुभव आला. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 1994 साली प्रसिद्ध झाले. बीटा कॅरोटीन या नामांकित अँटिऑक्सिडंटची गोळी रोज घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग घटला नाही. उलट 18 टक्क्यांनी अधिक आढळला. अमेरिकेतील अशाच एका अभ्यासातही धोका वाढलेला दिसला आणि 1996 साली तो मुदतीपूर्वी थांबवावा लागला. यामुळे पालेभाजी वाईट ठरत नाही. भाजीतील एक द्रव्य वेगळे काढून मोठ्या मात्रेत घेणे ही निराळी गोष्ट आहे, एवढेच यातून सिद्ध होते.

आपल्या राज्यातील घटनाही विसरता येत नाही. कोरोनाच्या काळात प्रतिकारशक्तीसाठी गुळवेलीचा काढा सर्रास घेतला गेला. 2020 च्या अखेरीस मुंबईत असा काढा घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृतास इजा झाल्याचे डॉक्टरांनी 2021 साली प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी, अशी शंकाही व्यक्त झाली. पुढे 2022 साली देशातील 13 केंद्रांतील 43 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि प्रश्नाचे गांभीर्य अधोरेखित झाले. वनस्पतीची अचूक ओळख ही सुरक्षिततेची पहिली पायरी आहे, हा धडा दोन्ही बाजूंनी घ्यावा असा आहे. तरोट्याची कोवळी भाजी आपण आवडीने खातो. पण त्याच कुळातील रानकासविंद्याच्या बिया खाल्ल्याने उत्तर भारतात लहान मुले दगावली आहेत.

म्हणूनच सुरक्षिततेची परीक्षा स्वतंत्रपणे द्यावी लागते. प्रथम तज्ज्ञाकडून वनस्पतीची ओळख पटवून नमुना जतन करतात. मग अर्कात शिसे, पारा यांसारखे जड धातू, बुरशीचे विष वा विद्रावकाचे अवशेष नाहीत ना, हे पाहतात. त्यानंतर तांबड्या पेशी फुटतात का, वाढवलेल्या पेशी मरतात का, याची तपासणी होते. पुढे नीतिविषयक समितीच्या अनुमतीने, मोजक्या प्राण्यांवर ठरावीक मात्रेची चाचणी घेऊन 14 दिवस निरीक्षण करतात. एका मात्रेने प्राणी दगावला नाही, म्हणून तो अर्क रोज घेण्यास निर्धोक ठरत नाही. त्यासाठी 28 व 90 दिवसांच्या चाचण्या वेगळ्या असतात. माणसांवरील अभ्यास त्याही नंतरचा.

हे सर्व आम्ही विशेष आग्रहाने सांगतो, कारण विदर्भात, आपल्या समाजात आणि मेळघाटातील आदिवासी बांधवांत, सिकलसेलचा आजार आहे. या आजारात तांबड्या पेशी आधीच दुर्बळ असतात. 'अँटिऑक्सिडंट' या शब्दावर विसंबून डॉक्टरांनी दिलेली हायड्रॉक्सियुरियाची गोळी थांबवणे आणि पानांचा रस सुरू करणे, ही चूक मुलाच्या जिवावर बेतू शकते. घरात कोणताही अर्क वा काढा दिला जात असेल, तर ते डॉक्टरांना अवश्य सांगावे. मधुमेह, यकृत वा मूत्रपिंडाचे विकार असणाऱ्यांनी आणि गर्भवती भगिनींनीही हे पथ्य पाळावे.

केसपुत्त सुत्तात तथागतांनी कालामांना सांगितले की, ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा गुरू सांगतो, एवढ्यावरून काही स्वीकारू नये. ते हितकर आहे की अहितकर, हे स्वतः जाणून घ्यावे. प्रयोगशाळेत पान पारखणारा विद्यार्थी याच वाटेने चालतो. त्याने आपल्या प्रकल्पाच्या शेवटी 'हे पान औषध आहे' असे न लिहिता 'या अर्काने नळीत इतके कार्य केले. सुरक्षितता तपासणे बाकी आहे' असे लिहावे. त्या एका वाक्यातच त्याच्या शिक्षणाचे सार्थक आहे, असे आम्ही मानतो.