चिपाडाला चिकटलेला रंग

गुऱ्हाळावरचे चिपाड चुलवणात जाते, भुईमुगाची टरफले उकिरड्यावर पडतात. या टाकाऊ वस्तूंना रसायनशास्त्राने आणखी एक काम सांगितले आहे. ते म्हणजे रंगीत सांडपाणी निवळण्याचे.

इचलकरंजी, सोलापूर येथे सूत व कापड रंगवतात. ते धुताना धाग्यावर न बसलेला रंग पाण्याबरोबर बाहेर पडतो. असे पाणी तसेच ओढ्यात सोडले तर ऊन तळापर्यंत पोचत नाही, पाण्यातील वनस्पतींची वाढ खुंटते. काही रंग विषारीही असतात. आणि रंग पक्का म्हणूनच बनवलेला. तो सहजी कुजत नाही.

मग चिपाड काय करते? पाण्यात त्याच्या पृष्ठभागावर थोडा ऋण विद्युतभार येतो. मेथिलीन ब्लूसारख्या रंगाचे कण धनभारित असतात. दोघे एकमेकांस ओढतात आणि रंग चिपाडाला चिकटून बसतो. या क्रियेस अधिशोषण म्हणतात. स्पंज पाणी आत पितो ते शोषण. येथे कण पृष्ठभागावर बसतात.

शिक्षकांनी हे वर्गात करून दाखवावे. चिपाडाचा बारीक भुसा गोडी जाईपर्यंत धुऊन वाळवा. मेथिलीन ब्लूचे फिकट निळे पाणी दोन बाटल्यांत घ्या. एकीत थोडा भुसा टाकून अर्धा तास हलवा, मग गाळा. दुसरी तुलनेसाठी ठेवा. फरक शेवटच्या बाकावरूनही दिसेल.

पण एवढ्याने भागत नाही. सुती कापडाचे बरेच रंग ऋणभारित असतात. साधे चिपाड त्यांना फारसे धरत नाही. म्हणून त्यावर रासायनिक प्रक्रिया करतात, किंवा टरफलांचा क्रियाशील कोळसा बनवतात. त्यात इतकी सूक्ष्म छिद्रे असतात की, चांगल्या प्रतीच्या एका ग्रॅम कोळशाचे पृष्ठ पसरले तर ५०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ पाच गुंठे भरावे!

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. चिकटलेला रंग नाहीसा होत नाही, नुसती जागा बदलतो. तेव्हा असे चिपाड खतात घालू नका, गुरांपुढे टाकू नका, घरच्या चुलीत जाळू नका; त्याची विल्हेवाट कारखान्यानेच नीट लावली पाहिजे. दुसरे असे की, रंग गेला म्हणजे पाणी शुद्ध झाले असे नव्हे. रंगवताना घातलेले मीठ डोळ्यांना दिसत नाही, पण ते पाण्यात उरतेच, आणि जमिनीत साठले की पिकाला मारते. म्हणून उद्या कोणी निवळशंख पाणी दाखवून ‘घ्या शेताला’ म्हणाला, तर आधी एवढेच विचारा : याची तपासणी झाली आहे काय?