सिद्धांत आणि अनुभव : विद्यापीठीय शिक्षणाचे मोल

विद्यापीठात शिकविल्या जाणाऱ्या सामाजिक सिद्धांतांवर दोन आक्षेप वारंवार घेतले जातात. ते परक्या समाजावरून रचलेले असतात, हा एक. आणि ज्याने आयुष्य सोसले त्याला ते नवे काहीच सांगत नाहीत, हा दुसरा. हे आक्षेप कितपत खरे आहेत, हे एका निबंधाच्या आधारे तपासून पाहता येईल.

९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. जातीचा दाह त्यांनी बालपणापासून सोसला होता. तो शिकण्यासाठी सातासमुद्रापार जाण्याचे कारण नव्हते. परंतु जात टिकते कशी, याचे उत्तर केवळ दाहातून मिळत नाही.

निबंधात त्यांनी प्रथम सेनार, नेसफील्ड, रिझले आणि केतकर यांच्या व्याख्या पारखून घेतल्या. पुढे ज्ञानकोशकार म्हणून कीर्ती पावलेल्या केतकरांनी १९०९ मधील आपल्या ग्रंथात जातीची दोन लक्षणे सांगितली होती : जन्माने मिळणारे सभासदत्व आणि जातीबाहेर विवाहास बंदी. आंबेडकरांनी दाखविले की, ही वस्तुतः एकाच लक्षणाची दोन अंगे होत. विवाह जातीतच व्हावयाचा असेल, तर बाहेरच्यास जन्माने प्रवेश मिळणार कोठून? आपल्या समाजाचा मूळ नियम गोत्राबाहेर विवाह करण्याचा, म्हणजे बहिर्विवाहाचा. त्यावर अंतर्विवाह लादला गेला की जात निर्माण होते. मग बंद गटात विवाहयोग्य स्त्रीपुरुषांची संख्या जुळविणे भाग पडते. पती निवर्तला की पत्नी ‘जास्तीची’ ठरते, पत्नी निवर्तली की पती. सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह या तिन्ही रूढींची संगती त्यांनी या एका पेचातून लावली.

ह्या रूढी इतर जातींत पसरल्या कशा, हे सांगताना त्यांनी फ्रेंच समाजशास्त्रज्ञ तार्द यांच्या अनुकरणाच्या नियमाचा आधार घेतला. अनुकरण वरून खाली जाते आणि अंतर वाढेल तसे क्षीण होते. ब्राह्मणांच्या निकटच्या जातींनी तिन्ही रूढी उचलल्या, दूरच्यांनी दोन किंवा एक, आणि सर्वांत दूरच्यांनी केवळ जातीचे तत्त्व. परका नियम येथे अधिकारवाणी म्हणून आलेला नाही. तो येथील वस्तुस्थितीच्या कसोटीला लावला गेला आहे.

साहित्याच्या अभ्यासकासही यात बोध आहे. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो!’ मधील यमूचे वैधव्य आपणांस व्याकूळ करते. एका स्त्रीचे दुःख तिच्या आतून दाखविणे, हे कादंबरीचे सामर्थ्य होय. ते दुःख दुर्दैवाचा किंवा घरच्यांच्या दुष्टपणाचाच परिणाम नसून एका व्यवस्थेची गरज होती, हे सिद्धांत दाखवितो. एकाने दुसऱ्याचे काम होत नाही.

सिद्धांत पाठ करणाऱ्यास यातले काही लाभत नाही, हे खरे. परंतु आंबेडकरांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणात आंतरजातीय विवाहाचा आग्रह धरला, तेव्हा त्यामागे वीस वर्षांपूर्वीची ही मीमांसा उभी होती. रोगाचे निदान ज्या ठिकाणी झाले, त्याच ठिकाणी त्यांनी उपाय सुचविला. अनुभवाने प्रश्न पुरविला; विद्यापीठाने तो प्रतिपक्षासमोर मांडून सिद्ध करण्याची शिस्त दिली. उच्च शिक्षणाचे मोल ठरवावयाचे, ते या शिस्तीवरून.