न दिसणारे रक्त

खटकचिंचोळीहून एखादी अडलेली बाळंतीण भालकीला किंवा बीदरला नेली, म्हणजे आपणां सर्वांचे चित्त आई व बाळ यांच्याकडे लागलेले असते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच खोलीत डॉक्टर, परिचारिका आणि मागाहून फरशी पुसणारी आयाही असते. त्यांच्या वाट्याला काय येते, हे सहसा कोणी विचारीत नाही.

रक्ताचे शिंतोडे डोळ्यांना दिसतात. पण सारेच रक्त दिसत नाही. धार लावणाऱ्याच्या फिरत्या चाकावर पाणी पडले की बारीक तुषार उडतो, तसाच तो हाड कापण्याच्या यांत्रिक करवतीने किंवा दंतवैद्याच्या वेगवान यंत्रानेही उडतो. यातले अतिसूक्ष्म कण काही काळ हवेत तरंगत राहतात. शस्त्रक्रिया करणारे ज्या हवेत श्वास घेतात त्या हवेत रक्ताचा अंश असतो, असे अमेरिकेतील संशोधकांनी १९९३ साली दाखवून दिले.

मग त्यापासून रोग होतो काय? श्वासावाटे असे कण जाऊन एड्सचा विषाणू किंवा ‘ब’ कावीळ झाल्याचे सिद्ध झालेले नाही, तेव्हा उगाच घाबरू नये. रक्त डोळ्यांत किंवा तोंडात उडणे मात्र वेगळे. त्यातून एड्सच्या विषाणूची लागण हजारी सुमारे एकास होते. दूषित सुई टोचल्यास हजारी सुमारे तिघांस. ‘ब’ कावीळ याहून कितीतरी चिवट आहे. लस न घेतलेल्यास तशी सुई टोचली, तर शंभरांत तीस जणांपर्यंत लागण होऊ शकते.

२०११ च्या जानेवारीत अहमदाबादजवळील कोलाट गावची एक स्त्री रक्तस्रावी तापाने दगावली. पाठोपाठ तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही गेल्या. हा क्रिमियन-काँगो ताप असल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने निश्चित केले. गुरांच्या गोचिडांतून माणसाला होणारा हा रोग पुढे रोग्याच्या रक्ताच्या व स्रावांच्या संपर्काने पसरतो. गुरे सांभाळणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

उपाय साधे आहेत. साधी मुखपट्टी शिंतोडे अडवते. बारीक कणांसाठी एन-९५ लागते. डोळ्यांना कडेने बंद असलेला चष्मा हवा. नंबराचा चष्मा त्या कामाचा नाही, कारण शिंतोडा बाजूने आत शिरतो. ‘ब’ काविळीची लस सहा महिन्यांत तीन वेळा घ्यावी लागते. दवाखान्यातील कचरा हाताळणाऱ्यांनाही ती मिळावी, असे २०१६ चे नियम सांगतात, म्हणजे आयालासुद्धा. ज्या घरांतील मुली परिचारिकेचे शिक्षण घेत आहेत, त्या घरच्यांनी तीन टोचण्या पुऱ्या झाल्या की नाही हे आजच विचारावे.

आणि रक्त डोळ्यांत उडालेच, तर चोळू नये. स्वच्छ पाण्याने भरपूर धुवावे आणि लाजून न लपविता त्याच घटकेला वरिष्ठांना सांगावे. एड्सच्या विषाणूला रोखणारी औषधे शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात.