हप्ता छोटा दिसतो, वस्तू महाग पडते



मंदी हा शब्द आपण बातम्यांत ऐकतो. पण आपल्या सिन्नर तालुक्यात ती दोन दारांनी घरात शिरते. एक दार कांद्याचं. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्र सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली, ती ४ मे २०२४ ला उठली. ऐन लाल कांद्याच्या हंगामात भाव पडले, ते आपण सगळ्यांनी सोसलं. दुसरं दार कंपनीचं. माळेगाव, मुसळगावला कामाला जाणाऱ्या माणसाचा आधी ओव्हरटाइम बंद होतो, मग कामाचे दिवस कमी होतात. ठेकेदाराकडचा कामगार असेल तर एक दिवस "उद्यापासून येऊ नको" एवढंच सांगतात.

आणि नेमक्या याच दिवसांत दुकानांवर मोठ्या पाट्या लागतात. "शून्य टक्के व्याज", "आज शून्य रुपये भरा, फ्रिज घरी न्या". हातात पैसा कमी आणि वस्तू घ्यायला सोपी, हे कसं काय? आज तेच समजून घेऊ.

दुकानदार सूट का देतो?

लोकांचं उत्पन्न घटलं की सगळ्यात आधी टीव्ही, फ्रिज, मोबाईलची खरेदी थांबते. तेल-मीठ थांबवता येत नाही, टीव्ही थांबवता येतो. मग दुकानदाराचा माल पडून राहतो. गोदामाचं भाडं आणि बँकेचं व्याज मात्र चालूच असतं. तो सूट देतो, नाहीतर हप्त्याची योजना पुढं करतो.

पण मंदीत किंमत उतरतेच असं नाही. मोबाईल आणि टीव्हीतले बरेच सुटे भाग परदेशातून येतात. २०२०-२१ मध्ये लोकांकडे पैसा नव्हता, तरी जगभर चिप कमी पडल्या, टीव्हीचे पडदे महागले आणि वस्तूही महागल्या. त्यात १ एप्रिल २०२० पासून मोबाईलवरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला होता. त्याच वर्षी शाळा मोबाईलवर भरायला लागल्या. एप्रिल ते जून २०२० या तीन महिन्यांत देशाचं उत्पन्न आदल्या वर्षीपेक्षा जवळपास २४ टक्क्यांनी घसरलं होतं. म्हणजे ज्या वेळी कमाई सगळ्यात कमी, त्याच वेळी मोबाईल सगळ्यात गरजेचा.

एका ताईची गोष्ट

आपल्याच एका गटातल्या ताई, नाव सांगत नाही. २०१९ च्या दिवाळीत त्यांनी मोठा टीव्ही हप्त्यावर घेतला. हप्ता ठरवला तो मालकांच्या ओव्हरटाइमच्या पगारावर. मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं, कंपनी बंद. रिझर्व्ह बँकेनं मार्च ते ऑगस्ट २०२० या सहा महिन्यांचे हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली. ताईंना वाटलं हप्ते माफ झाले. माफ नव्हते, फक्त पुढे गेले होते, आणि व्याज चालू होतं.

सप्टेंबरपासून पुन्हा हप्ता सुरू. मुलीच्या शाळेसाठी मोबाईल घ्यावा लागला, त्याचा दुसरा हप्ता. मग कंपनीचा माणूस दारात उभा राहू नये म्हणून ताई आधी टीव्हीचा हप्ता भरायच्या आणि गटाचा मागं राहायचा. गटातल्या दुसऱ्या एका बाईला शेळ्यांसाठी कर्ज हवं होतं. पेटीत पैसे आलेच नाहीत, तिचं काम अडलं. हप्ता एका घराचा होता, त्रास दहा घरांना झाला.

ताईंची चूक टीव्ही घेतला ही नव्हती. हप्ता चांगल्या महिन्याच्या कमाईवर बेतला, तिथं चुकलं.

शून्य टक्के म्हणजे किती?

वही काढा, हिशोब करू. आकडे उदाहरणाचे आहेत, पद्धत कुठंही चालेल.

फ्रिज रोखीनं घेतला तर दुकानदार १५,००० ला देतो. हप्त्यावर घेतला तर सूट नाही, किंमत १६,०००. दहा हप्ते, प्रत्येकी १,६००. शिवाय फाईल चार्ज ५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ९०, म्हणजे ५९०.

एकूण गेले १६,५९०. रोखीपेक्षा १,५९० जास्त. व्याज शून्य लिहिलं होतं ना? मग हे १,५९० कशाचे? सोडलेली सूट आणि फाईल चार्ज, हेच त्याचं व्याज. दर महिन्याला मुद्दल कमी होत जातं हे धरून मोजलं तर ते वर्षाला २३ टक्क्यांच्या पुढे जातं. आपल्या भाषेत शेकडा जवळपास दोन रुपये महिना. रिझर्व्ह बँकेनंही २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं.

आता तेच १५,००० गटातून घेतले, दहा महिन्यांत फेडले, घटत्या शिलकीवर व्याज:

- शेकडा एक रुपयानं: व्याज ८२५ रुपये
- शेकडा दोन रुपयांनी: व्याज १,६५० रुपये

दुसऱ्या ओळीत गटाचं कर्ज दुकानाच्या योजनेपेक्षा ६० रुपयांनी महागच आहे, हे लपवायचं कारण नाही. पण ते १,६५० आपल्याच पेटीत राहतात. आणि एखाद्या महिन्यात अडचण आली तर बैठकीत बोलता येतं. बाहेर हप्ता चुकला की कंपनीचा दंड वेगळा, खात्यात पैसे नव्हते म्हणून बँकेची कपात वेगळी. त्याची नोंदही राहते. उद्या गिरणीसाठी बँकेत कर्ज मागायला गेलात की ती पुढं येते.

तिसरा मार्ग सगळ्यात स्वस्त. वस्तू थांबण्यासारखी असेल तर तेच १,६०० रुपये महिन्याला बाजूला टाका. दहाव्या महिन्यात १६,००० होतात. फ्रिज येतो आणि वर हजार उरतात.

जीएसटी कमी झाला म्हणतात, तो कशावर?

२२ सप्टेंबर २०२५ पासून एसी आणि ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा कर २८ वरून १८ टक्के झाला. फ्रिज, वॉशिंग मशीन, मिक्सर यांवर २०१८ पासून १८ टक्केच आहे. मोबाईलवरही १८. म्हणून "जीएसटी कमी झाला, फ्रिज घ्या" असं कुणी म्हणालं तर त्या दिवशी फ्रिजवरचा कर बदललेला नाही हे लक्षात ठेवा. मोठ्या टीव्हीचा हिशोब असा: ३२,००० चा टीव्ही २९,५०० ला मिळायला हवा. दहा टक्के नाही, आठ टक्क्यांच्या आसपास उतरतो.

घेण्याआधी पाच गोष्टी विचारा

१. रोख किंमत किती? सूट छापील किमतीवरून मोजू नका. तीच वस्तू, तेच मॉडेल, दोन दुकानांत विचारा.

२. सगळे पैसे मिळून किती जातील? हप्ता गुणिले महिने, अधिक फाईल चार्ज, अधिक विमा किंवा कार्ड त्यात घातलं असेल तर ते. नको असलेला विमा काढायला सांगा.

३. माहितीपत्रक कुठे आहे? १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जांत मुख्य माहितीपत्रक देणं बंधनकारक आहे, तेही आपल्याला समजेल अशा भाषेत. त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा दर लिहिलेला असतो. तो वाचल्याशिवाय सही नाही, अंगठा नाही, आणि मोबाईलवर आलेला ओटीपी तर नाहीच.

४. स्टारचं लेबल कोणत्या वर्षाचं? सुटीत बहुतेक जुनं मॉडेल असतं. स्टारचे निकष मधूनमधून कडक होतात, त्यामुळे जुन्या लेबलचे स्टार आज कमी भरू शकतात. लेबलवर वर्षाला किती युनिट वीज लागेल ते छापलेलं असतं. ते आपल्या बिलातल्या दरानं गुणा. स्वस्त फ्रिज बिलात महाग पडतो का ते कळेल.

५. पक्कं बिल आणि वॉरंटी. बिलावर दुकानाचा शिक्का आणि वस्तूचा नंबर हवाच.

आणि सगळ्यात शेवटी स्वतःला एक प्रश्न. गेल्या दोन वर्षांत घरात सगळ्यात कमी पैसे कोणत्या महिन्यात आले? त्या महिन्यातही किराणा, दवाखाना, शाळा आणि गटाचा हप्ता भरून हा हप्ता निघाला असता का? निघाला असता तर खुशाल घ्या. शिलाई मशीन, पापडाचं मशीन अशी कमाई करून देणारी वस्तू असेल तर तिची कमाईही याच वाईट महिन्याची धरा.

आधीच हप्ता अडकला असेल तर

लपवू नका. गटात सांगा. दंड चढायच्या आधी कंपनीला लेखी कळवा आणि मुदत मागा. वसुलीचा फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाही. शिवीगाळ, धमकी चालत नाही. कर्जाबाबत कंपनीनं ऐकलं नाही तर रिझर्व्ह बँकेचा १४४४८ हा नंबर, वस्तू किंवा दुकानाबाबत तक्रार असेल तर ग्राहक हेल्पलाईनचा १९१५. एक हप्ता फेडायला दुसरीकडून कर्ज मात्र काढू नका.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरात चालू असलेल्या हप्त्यांचा एक कागद आणा. वस्तू, रोख किंमत, एकूण जाणारे पैसे, उरलेले हप्ते, एवढ्या चार रकान्यांचा. लिहिता येत नसेल तर शेजारच्या ताईला सोबत घ्या. आपल्या गटातून दरमहा किती पैसा व्याजाच्या रूपानं गावाबाहेर जातो, ते पहिल्यांदाच आपल्या डोळ्यांना दिसेल. मग पेटीतून काय करायचं ते सगळ्या मिळून ठरवू.