वसंतातील परसबाग : वेळेचे अर्थकारण

रब्बी आणि खरीप या मुख्य हंगामांमधील अल्प काळास उत्तर भारतात ‘झायद’ म्हणतात. महाराष्ट्रात तोच उन्हाळी हंगाम होय. लखनौमध्ये गोमतीकाठच्या निशातगंजसारख्या दाट वस्तीत जमीन दुर्मीळ असतेच. परंतु वसंतात वेळ त्याहून दुर्मीळ ठरते.

याचे कारण हवामानात आहे. भेंडीचे बी थंड मातीत नीट उगवत नाही, तर मे महिन्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जाऊन ‘लू’ वाहू लागली की टोमॅटोची फुले गळतात. त्यामुळे पेरणी व रोपांची वाढ यांसाठी फेब्रुवारीच्या मध्यापासून जेमतेम आठ-दहा आठवडे मिळतात.

येथे अर्थशास्त्रातील ‘संधी खर्च’ ही संकल्पना लागू पडते. उतरणीला लागलेला फुलकोबी किंवा हिवाळी फुलझाडे आणखी पंधरा दिवस वाफ्यात ठेवली, तर त्यांची खरी किंमत म्हणजे हुकलेले उन्हाळी पीक. म्हणून निवडक झाडांचे बी धरून वाफे वेळीच मोकळे करावे लागतात. तेथे भेंडी, चवळी, गवार व माठ, तर फुलांसाठी झिनिया, गॅलार्डिया आणि चिनी गुलाब लावता येतात. फुलून गेलेली शेवंती छाटून तिचे फुटवे पुढील हिवाळ्यासाठी जपावे लागतात.

वेळ वाचविण्याचा मार्गही आहे. दुधी, दोडका, काकडी यांचे बी जानेवारीत पिशव्यांत लावून, थंडीपासून जपलेली रोपे फेब्रुवारीअखेर वाफ्यात लावली जातात. नदीपात्रातील वेलवर्गीय शेतीचे तत्त्व हेच : वाळूत चर खणून, शेणखत घालून, गवताच्या आडोशाने रोपे थंडीतच वाढविली जातात. लवकर आलेल्या मालास, आवक कमी असल्याने, अधिक भाव मिळतो.

घरगुती बागेचा लाभ मात्र विक्रीत नसून टळलेल्या खरेदीत असतो. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये संतुलित आहारासाठी दररोज सुमारे ४०० ग्रॅम भाज्या सुचविल्या. उन्हाळ्यात भाजी महागली की अल्प उत्पन्न गटातील कुटुंब प्रथम तिच्यातच काटकसर करते.

राष्ट्रीय फलोत्पादन अभियान २००५-०६ मध्ये सुरू झाले. २०१४-१५ पासून ते एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानाचा भाग आहे. २०११-१२ मध्ये शहरांभोवतीच्या भाजीपाला समूहांसाठीही योजना आली. अशा योजनांचे यश निधीइतकेच वेळेवर अवलंबून असते. एप्रिलमध्ये हाती आलेले बियाणे कागदोपत्री वाटप ठरते; जानेवारीत पोहोचलेले बियाणे जूनमध्ये ताटात भाजी आणते.