रात्रीच्या कीड सर्वेक्षणासाठी विजेरीची निवड

पिकांचे मोठे नुकसान करणाऱ्या अनेक किडी निशाचर आहेत. स्पोडोप्टेरा लिट्यूराच्या मोठ्या अळ्या दिवसा मातीच्या भेगांत किंवा पालापाचोळ्याखाली लपतात आणि सूर्यास्तानंतर पानांवर येतात. रोपे कुरतडणारी अळीही रात्रीच सक्रिय होते. हुमणीचे भुंगेरे वळवाच्या पावसानंतर तिन्हीसांजेला जमिनीतून निघून कडुनिंब, बाभूळ व बोरीच्या झाडांवर जमतात. अशा किडींसाठी रात्रीचे सर्वेक्षण अपरिहार्य ठरते आणि त्याची अचूकता बऱ्याच अंशी हातातील विजेरीवर अवलंबून असते.

बेंगळुरूच्या पूर्वेस असलेल्या होसकोटे तालुक्यात कोबीच्या एका शेतात याचा प्रत्यय आला. पाने चाळणीसारखी झाली होती, मात्र दिवसा अळी दिसत नव्हती. शेतकऱ्याने दोन वेळा सकाळी फवारणी केली, तरी नुकसान थांबले नाही. रात्री आम्ही शेतात गेलो तेव्हा त्यांच्याकडे नवी, दूरवर झोत टाकणारी शक्तिशाली विजेरी होती. दवाने ओल्या पानांवर तो झोत पडताच डोळे दिपत. झोताबाहेर सगळा काळोख. त्याच ओळीत आमच्या साध्या, पसरट प्रकाशाच्या विजेरीने पाहिल्यावर पानांवर स्पोडोप्टेराच्या मोठ्या अळ्या दिसल्या. निदान झाल्यावर फवारणीची वेळ सायंकाळची ठरली. आधीच्या दोन फवारण्यांचा खर्च मात्र वाया गेला होता.

लेबलवरील आकडे कसे वाचावेत?

ल्युमेन म्हणजे विजेरीतून बाहेर पडणारा एकूण प्रकाश, तर कँडेला म्हणजे एका दिशेने एकवटलेल्या झोताची तीव्रता. विजेरीच्या मोजमापाच्या प्रचलित एफएल-१ मानकात झोताचा पल्ला म्हणजे ज्या अंतरावर प्रकाश ०.२५ लक्स उरतो ते अंतर. हा प्रकाश साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा असतो. म्हणजेच ‘पल्ला २०० मीटर’ असे लिहिलेल्या विजेरीने २०० मीटरवरची वस्तू जेमतेम चांदण्यात पाहावी तशी दिसते. या पल्ल्यासाठी १०,००० कँडेला लागतात. हाच झोत एक मीटरवरील पानावर टाकल्यास मध्यभागी सुमारे १०,००० लक्स प्रकाश पडतो. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना तो असह्य होतो आणि अळीचे बारकावे पुसले जातात.

ल्युमेनचा दावा पडताळण्यासाठी साधे गणित पुरेसे आहे. १८ मिलिमीटर व्यासाचा व ६५ मिलिमीटर लांबीचा ‘१८६५०’ हा लिथियम सेल अनेक विजेऱ्यांत असतो. त्याची प्रत्यक्ष क्षमता फार तर ३,५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास असते. त्यावर ९,००० किंवा अधिक आकडा छापलेला असेल, तर तो सेल घेऊ नये. २,६०० क्षमतेच्या चांगल्या सेलमध्ये ३.६ व्होल्टच्या हिशेबाने सुमारे ९.४ वॅट-तास ऊर्जा असते. एका वॅटमागे ढोबळमानाने १०० ल्युमेन धरल्यास ३०० ल्युमेनवर तीन तास, तर १,००० ल्युमेनवर एक तासापेक्षा कमी वेळ प्रकाश मिळेल. याच सेलवर ‘२०,००० ल्युमेन’ द्यायचे झाल्यास २०० वॅट लागतील आणि सेल तीन मिनिटांच्या आत संपेल. तेव्हा असा दावा विश्वासार्ह मानता येत नाही.

सर्वेक्षणासाठी नेमके काय हवे?

१. प्रकाशाचे प्रमाण : पान तपासण्यासाठी १०० ते ३०० ल्युमेनचा पसरट व एकसारखा प्रकाश पुरतो. कमी-जास्त करण्याचे किमान दोन टप्पे असावेत. झोत अरुंद असल्यास काचेवर ट्रेसिंग पेपर लावावा.

२. रंगांची सत्यता : मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी ओळखताना डोक्यावरील उलट्या इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी खूण आणि शेवटून दुसऱ्या खंडावरील चौकोनात मांडलेले चार काळे ठिपके पाहावे लागतात. निळसर झाक असलेल्या प्रकाशात तपकिरी, हिरवट व पिवळट छटांतील भेद मंदावतो. लेबलवर ‘सीआरआय’ ८० किंवा अधिक आणि रंगतापमान ४,००० ते ५,००० केल्व्हिन असल्यास उत्तम. दुकानात आपल्या तळहातावर प्रकाश टाकून पाहावा. त्वचा फिकट व निर्जीव दिसल्यास दुसरी विजेरी मागावी.

३. पाण्यापासून संरक्षण : ‘आयपीएक्स-४’ म्हणजे सर्व दिशांनी उडणाऱ्या पाण्यापासून, तर ‘आयपीएक्स-७’ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे संरक्षण. दव व पावसासाठी पहिला दर्जा चालतो; भात किंवा पाटपाण्याच्या शेतात दुसरा घ्यावा.

४. बदलता येणारा सेल : सेल बाहेर काढता येत असल्यास विजेरी अनेक वर्षे वापरता येते. नोंदी ठेवताना दोन्ही हात मोकळे हवे असल्यास डोक्यावर बांधायची विजेरी अधिक सोयीची.

वापरताना घ्यावयाची काळजी

बहुतेक कीटकांना लाल प्रकाश फारसा जाणवत नाही. म्हणून ज्या रोपाचे निरीक्षण करायचे त्याच्याजवळ जाताना काचेवर लाल जिलेटिन पेपर लावावा आणि ओळख पटवण्यासाठी पांढरा प्रकाश वापरावा. बांधावरून चालताना मात्र पांढराच प्रकाश हवा. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८,००० मृत्यू झाल्याचा अंदाज आहे आणि मण्यार हा विषारी साप रात्रीच वावरतो. प्रकाश पायांपुढे तीन-चार मीटरवर जमिनीवर ठेवावा, गमबूट घालावेत आणि एकट्याने जाणे टाळावे.

लिथियम सेल उन्हात किंवा बंद वाहनात ठेवू नयेत. फुगलेला अथवा आवरण फाटलेला सेल पुन्हा वापरू नये.

विस्तार कार्यकर्त्यांनी गावातील बैठकीत दोन-तीन प्रकारच्या विजेऱ्या घेऊन एकाच ओळीतील दहा झाडे प्रत्येक विजेरीने तपासावीत आणि दिसलेल्या अळ्यांची संख्या फळ्यावर मांडावी. कोणती विजेरी कामाची, हे त्या नोंदींवरून शेतकरी बांधवांच्या सहज लक्षात येईल.