पोटमाळ्यावरचा माणूस कायद्याला दिसत नाही!

मुंबईतल्या आपल्या कोणत्याही वस्तीत जा. दहा बाय पंधराचे घर. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून बाप आला, त्याने पत्रे ठोकले, पुढे विटा लावल्या. मुले मोठी झाली, थोरल्याचे लग्न झाले. आजूबाजूला हातभर जागा मोकळी नाही. मग घर वाढणार कुठे? वर! लोखंडी अँगल टाकले, लाद्या बसवल्या, गल्लीतून शिडी लावली आणि थोरल्याचा संसार पोटमाळ्यावर गेला. ही एका घराची नव्हे, हजारो घरांची कथा आहे. आणि एक दिवस दारावर नोटीस चिकटते : उंची १४ फुटांपेक्षा जास्त, बांधकाम अनधिकृत!

मुंबई महापालिका झोपडीची उंची १४ फुटांपर्यंत चालवून घेते. त्यापुढे गेले की तोडकाम. हे १४ फूट माणसाला पुरतात का, हे नियमांच्या पुस्तकातच पाहू. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर, म्हणजे सुमारे ९ फूट हवी. १९९१ च्या नियमावलीने पोटमाळ्याची व्याख्या केली ती अशी की, दोन मजल्यांच्या मधला, जास्तीत जास्त दीड मीटर उंचीचा, सामान ठेवण्यासाठी केलेला मजला. दीड मीटर म्हणजे सुमारे ५ फूट. आता ९ आणि ५ किती झाले? १४!

म्हणजे या १४ फुटांत खाली एक खोली बसते आणि वर सामान बसते. दोन खोल्या बसत नाहीत. दोन राहत्या खोल्यांना नियमानेच १८ फूट लागतात, लादीची जाडी वेगळीच. १४ फूट ठरवणाऱ्याने ही बेरीज केली होती की नाही, हा मुद्दा गौण आहे. परिणाम एकच. थोरला मुलगा, त्याची बायको आणि त्यांची लेकरे या नियमाच्या लेखी सामान आहेत!

कोणी शहाणा म्हणेल, परवानगी घेऊन बांधा ना! महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४४ खाली परवानगीचा अर्ज करता येतो, हे खरे. परंतु त्या अर्जाला जमिनीच्या मालकीचे कागद लागतात. ज्याचा बाप सरकारी किंवा पालिकेच्या जमिनीवर वसला, त्याने ते कुठून आणायचे? मुंबईबाहेरच्या राज्यासाठी २०२० साली एकत्रित नियमावली आली. त्यात दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवरील घराची परवानगी सोपी झाली. चांगले झाले. पण ती सोय नावावर प्लॉट असणाऱ्याला! बिनसातबाऱ्याच्या माणसाला दारच नाही, मग तो दारातून आला नाही म्हणून त्याला गुन्हेगार कसे ठरवता?

याच जमिनीवर विकासक आला की काय होते पाहा. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत मुंबईत त्याला ४ किंवा त्याहून अधिक चटईक्षेत्र निर्देशांक मिळतो. जमीन तीच, आकाशही तेच. झोपडीवाल्याला १४ फूट आणि विकासकाला टॉवर! मग उंचीचा नियम नक्की कोणासाठी आहे?

खरा घाव पुढे आहे. योजनेत झोपडीमागे एक घर मिळते, आज ३०० चौरस फुटांचे. परिशिष्ट-२ मध्ये तळमजल्याचा रहिवासी पात्र ठरतो. पोटमाळ्यावरच्या वेगळ्या कुटुंबाला, त्याची चूल, रेशनकार्ड, वीजबिल वेगळे असले तरी, पात्र धरले जात नाही. दोन भाऊ एका घरासाठी भांडतात ते इथून सुरू होते. धारावीसाठी शासनाने २०२४ मध्ये वरच्या मजल्यावरच्या रहिवाशांचा पहिल्यांदा वेगळा विचार केला. १५ नोव्हेंबर २०२२ पर्यंतच्या अशा रहिवाशांना भाडे-खरेदी पद्धतीने घर देऊ केले, पण धारावीबाहेर! आपण त्यातली अर्धी गोष्ट पकडली पाहिजे. वर माणूस राहतो हे शासनाने स्वतःच्या कागदावर मान्य केले आहे. धारावीत मान्य, तर इतर वस्त्यांत अमान्य का?

आता एक कडू गोष्ट आपल्याच लोकांना सांगितली पाहिजे. ९ जून २०२१ च्या रात्री मालाडच्या मालवणीत मजले चढवलेले घर शेजारच्या घरावर कोसळले. १२ जीव गेले, त्यांत ८ मुले होती. एका विटेच्या भिंतीवर दुसरा-तिसरा मजला चढवणे हा हक्क नव्हे, तो आपल्या लेकरांच्या जिवाशी खेळ आहे. परंतु हेही लक्षात घ्या, की जे काम परवानगीने होऊच शकत नाही ते रात्रीत होते, चोरून होते. तिथे इंजिनिअर येत नाही, ठेकेदार येतो. आणि ‘वरचे’ घेणाराही येतो. बंदीने मजले थांबले नाहीत, फक्त तपासणी थांबली.

म्हणून आपली मागणी स्पष्ट हवी. वस्तीतील घराला पाया आणि भिंती तपासून, पालिकेच्या खर्चाने इंजिनिअरचा दाखला देऊन, तळमजला अधिक एक राहता मजला इतकी परवानगी मिळावी. मालकीऐवजी फोटोपास हा आधार धरावा. आणि प्रत्येक सर्व्हेत वरच्या कुटुंबाची स्वतंत्र नोंद व्हावी.

ही मागणी मान्य होईपर्यंत काय करावे? काम सुरू असताना कलम ३५४-अ ची नोटीस आली तर २४ तासांत परवानगी दाखवावी लागते. पूर्ण झालेल्या बांधकामावर कलम ३५१ ची नोटीस येते, तिला ७ दिवसांत लेखी उत्तर द्या आणि पोच घ्या. साहेबाला तोंडी सांगितलेले कोर्टात उभे राहत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये ऑल्गा टेलिस खटल्यात उपजीविकेचा हक्क अनुच्छेद २१ मध्ये येतो असे सांगितले. १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात तोडकामापूर्वी १५ दिवसांची नोटीस आणि सुनावणी बंधनकारक केली. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्ग व नदीलगतची बांधकामे आणि कोर्टाने तोडण्याचा आदेश दिलेली बांधकामे त्यातून वगळली आहेत, हेही ध्यानात ठेवा, नाहीतर फसाल.

कार्यकर्त्यांनी एक रविवार बुद्धविहारात कागदपत्रांसाठी ठेवावा. पोटमाळ्यावरच्या प्रत्येक कुटुंबाचे रेशनकार्ड, मतदार यादीतील नाव, वीजबिल, मुलांचे शाळेचे दाखले वेगळ्या फाईलमध्ये लावावेत. आणि सर्व्हेवाला वस्तीत आला की खालच्या दारात त्याला चहा पाजून परत पाठवू नका. त्याला शिडी दाखवा. वर चढायला लावा. वर कोण राहते ते त्याने डोळ्यांनी पाहावे आणि स्वतःच्या हाताने लिहावे!